मीठ नेमके केव्हा तयार होते?

सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल ही दोन्ही द्रावणे कातडी भाजणारी आहेत, पण योग्य प्रमाणात एकत्र आली की त्यांतून आपल्या रोजच्या वापरातले मीठ मिळते. या अभिक्रियेला उदासिनीकरण म्हणतात. समीकरण एका ओळीत लिहून होते. प्रयोगशाळेतले खरे कसब ते ‘योग्य प्रमाण’ शोधण्यात आहे.

त्यासाठी पिपेटने (ठरावीक आकारमान मोजून घेणाऱ्या नळीने) 25 मिलि सोडियम हायड्रॉक्साइड हे अल्क शंकुपात्रात घेऊन त्यात फिनॉल्फथॅलिन या दर्शकाचे, म्हणजे आम्ल-अल्क रंगाने ओळखवणाऱ्या पदार्थाचे, दोन थेंब टाकतात. द्रावण गुलाबी होते. मग ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मोजनळीतून, आम्ल सोडत, पात्र सतत हलवत राहायचे. शेवटी गुलाबी रंग ज्या एका थेंबाने नाहीसा होतो, तेथे थांबून ब्युरेटवरचा आकडा टिपायचा. दोन वाचने 0.1 मिलिच्या आत जुळेपर्यंत ही कृती पुन्हा करतात. मात्र या द्रावणात दर्शक मिसळलेला असतो, म्हणून ते टाकून देऊन तेवढेच अल्क आणि तेवढेच आम्ल, या वेळी दर्शकाशिवाय, नव्याने मिसळावे लागते. विद्यार्थ्यांना ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटते, पण मिठाची शुद्धता तिच्यावरच अवलंबून आहे. अल्क जास्त झाले, तर ते बाष्पनानंतर, म्हणजे पाणी आटवल्यानंतर, मिठातच राहते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचे कार्बोनेट होते. आम्ल किंचित जास्त झाले, तर ते उष्णतेने बहुतांशी उडून जाते. म्हणूनच बाष्पन हवेशीर जागी करावे.

आता मीठ झाले का? माझ्या मते या प्रयोगातला सर्वांत सुंदर प्रश्न हाच आहे. द्रावणातील सोडियम आणि क्लोराइड आयन (विद्युतभार असलेले कण) अभिक्रियेपूर्वी सुटे होते आणि नंतरही सुटेच असतात. प्रत्यक्ष जुळतात ते हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन, आणि त्यांचे पाणी होते. म्हणूनच तीव्र आम्ल व तीव्र अल्क यांची जोडी कोणतीही असो, विरल द्रावणात तयार झालेल्या पाण्याच्या प्रत्येक मोलमागे (मोल हे कणांची ठरावीक संख्या मोजण्याचे एकक) सुमारे 57 किलोज्यूल एवढीच उष्णता बाहेर पडते.

मिठाचा स्फटिक जन्माला येतो तो बाष्पनपात्रात. दोन्ही द्रावणे प्रतिलिटर 1 मोल संहतीची असतील, तर सुमारे 50 मिलि मिश्रणात 1.46 ग्रॅम मीठ असते. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंश सेल्सिअसला सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळते. त्यामुळे पाणी आटून 4 मिलिच्या आसपास येईपर्यंत एकही कण दिसत नाही. मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) गरम संपृक्त, म्हणजे आणखी विरघळू न शकणारे, द्रावण थंड केले की भरपूर स्फटिक मिळतात, पण मिठाच्या बाबतीत ही युक्ती फारशी चालत नाही, कारण 100 अंशांनाही त्याची विद्राव्यता जेमतेम 39 ग्रॅमपर्यंतच वाढते. पाणी काढून टाकणे हाच मार्ग उरतो, आणि कोकणातल्या मिठागरांत ऊन व वारा हेच काम करतात. शेवटचे थोडे पाणी जाळ न लावता सावकाश आटू दिले, तर पात्राच्या तळाशी भिंगातून मिठाचे चौकोनी घन स्पष्ट दिसतात. ते खाण्याचेच मीठ असले, तरी प्रयोगशाळेतल्या पात्रातले म्हणून त्याची चव मात्र घेऊ नये.