बार तिरका जातो म्हणजे हात कमजोर, असं नसतं

गंगापूर रोडच्या आमच्या जिममध्ये दर आठवड्याला एकजण तरी सांगतो, 'डावा हात वीक आहे यार, बेंचला (म्हणजे बाकावर झोपून वजनाची दांडी छातीवरून वर ढकलताना) बार उजवीकडून आधी वर जातो', आणि त्याच दिवसापासून डाव्याचे दोन सेट जास्त. अरे पण तपासलंस का? बार तिरका जाणं वेगळं आणि बाजू कमजोर असणं वेगळं, आणि दोन्हीचा इलाज एकच समजून लोक वर्षं घालवतात.

टेपने दंड मोजून अर्धा सेंटीमीटर फरक काढणाऱ्यांनी तर टेप घरी ठेवा. ज्या हाताने जन्मभर जेवलो, लिहिलं, तो थोडा वेगळा दिसणारच.

आता तपासायचं कसं, तर जमिनीवर झोपून डंबेल प्रेस, एका वेळी एकच हात, आठ-दहा रेप्सला (म्हणजे आठ-दहा वेळा उचलल्यावर) दम निघेल एवढं वजन. आधी डावा, मग तीन मिनिटं थांबून उजवा, आणि दोन-तीन दिवसांनी उलट क्रमाने, कारण पहिल्या हाताने आपण दमतो हे कोणी धरतच नाही. दोन्ही वेळा डावा 6 आणि उजवा 10 निघाला तर डावा खरंच कमजोर. 9 आणि 10 निघाले तर हाताला दोष देऊ नका, गडबड बारखाली आहे.

माझी तीच होती. वर्षभर डाव्याचे एक्स्ट्रा सेट मारले, शेवटी मित्राने डोक्याच्या बाजूने व्हिडिओ काढला (समोरून काढून काही कळत नाही) तर माझा डावा हात बारवरच्या रिंगेच्या (पकडीसाठी दोन्हीकडे असते ती खूण) दोन बोटं बाहेर आणि पाठ बाकावर वाकडी. पकड सारखी केली, 60 किलोवरून 40 वर आलो, महिन्याभरात बार सरळ. एक सेट जास्त लागला नाही.

खरा कमजोर हात बघायचा तर आमच्यातला निफाडचा पोरगा. गाडीवरून पडला, डावा हात प्लास्टरमध्ये, प्लास्टर निघालं तरी सीझनला द्राक्षांचे कॅरेट उजव्याच बाजूने उचलायचा. त्याला काय सांगितलं, तर प्रत्येक सेट डाव्याने सुरू करायचा आणि डाव्याने 7 काढले की उजव्यानेही 7च, होत असले तरी. उजवा पूर्ण बंद करायचा सल्ला देणारे मात्र डोक्यात जातात. एका हाताच्या व्यायामाचा थोडा फायदा दुसऱ्यालाही मिळतो, मग चालता हात कशाला बसवायचा?

हां, हात अचानक ढिला पडला, मुंग्या येतात, तर सेट नाही, डॉक्टर.

पोरगा आता डाव्याने 15 किलोचे 9 काढतो, मग उजव्याने 9, आणि दर वेळी माझ्याकडे बघतो, दहावा मारू का म्हणून. नाही.