त्वान-वू : पर्ल नदीकाठचा ड्रॅगन बोट उत्सव

चिनी चांद्र पंचांगातील पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीला साजरा होणारा सण. चीनबाहेर तो ‘ड्रॅगन बोट उत्सव’ म्हणून ओळखला जातो. मेअखेरीपासून जूनअखेरीपर्यंत तो केव्हाही येतो. २०२५ साली तो ३१ मे रोजी झाला, २०२६ सालची तारीख १९ जून. आपल्या पंचांगाशी ताडून पाहिले, तर ही तिथी बहुधा ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या आगेमागे पडते. अधिक महिना धरण्याचे हिशेब दोन्हीकडे वेगळे असल्याने एखाद्या वर्षी महिन्याचा फरक पडतो. २०२३ मध्ये तो असाच आषाढात आला होता. चीनमध्ये २००८ पासून या दिवशी सार्वजनिक सुटी असते. २००९ मध्ये युनेस्कोने या सणाचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

पाचवा महिना चिनी लोकसमजुतीत अशुभ आणि विषारी मानला जातो. उन्हाळा चढतो, दमटपणा वाढतो, साप-विंचू-गोम बाहेर पडतात, साथी पसरतात. म्हणून दारावर दवण्याच्या कुळातली एक उग्र वासाची वनस्पती आणि वेखंडाची पाने टांगतात, मुलांच्या मनगटाला पाचरंगी दोरा बांधतात, सुगंधी औषधी वनस्पतींची पुरचुंडी गळ्यात घालतात. सणाचा हा थर बहुधा सर्वांत जुना असावा.

या सणातल्या ड्रॅगनमुखी नावांच्या शर्यतींची प्रसिद्ध कथा छ्यू युआनची. इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकांतला हा छू राज्याचा मंत्री आणि कवी. राजाची मर्जी गेल्याने तो हद्दपार झाला. इ.स.पू. २७८ मध्ये छिन या शत्रुराज्याच्या सैन्याने छूची राजधानी घेतली आणि त्यानंतर त्याने आजच्या हूनान प्रांतातील मीलुओ नदीत देह टाकला. लोक होड्या घेऊन धावले, माशांनी प्रेताला तोंड लावू नये म्हणून त्यांनी ढोल बडवले आणि पाण्यात भात टाकला, असे सांगतात. सहाव्या शतकात त्सुंग लीन याने मधल्या यांगत्से खोऱ्यातील सणवारांची नोंद केली, तीत या तिथीच्या शर्यतींचा संबंध छ्यू युआनशी जोडलेला आहे. सूचौ भागात मात्र हाच सण वू त्स-श्यू या वेगळ्याच मंत्र्याच्या नावाने सांगितला जातो. मीलुओत आजही शर्यतीआधी नावेचे ड्रॅगनमुख छ्यू युआनच्या मंदिरात नेऊन पूजतात. हूपेइ प्रांतातील त्स-क्वेइ हे त्याचे जन्मगाव समजले जाते. तिथे हा सण पाचव्या महिन्यात तीनदा, म्हणजे पंचमी, पौर्णिमा आणि पंचविसाव्या तिथीला साजरा होतो.

दक्षिणेकडे ग्वांगतुंग प्रांतात, पर्ल नदीच्या मुखाजवळच्या खाड्या-नाल्यांच्या प्रदेशात आले, की छ्यू युआन मागे पडतो आणि गावदेव व कुळाचे पूर्वज पुढे येतात. उत्सव पाहायला जायचे, तर या भागात जावे. दूरचित्रवाणीवर दिसणारी सरळ पाण्यातली शर्यत हा सणाचा सर्वांत बाहेरचा भाग आहे. नाव ही गावाची असते आणि ती दुसऱ्या गावाला भेटायला जाते, हा त्याचा गाभा.

इथल्या पारंपरिक नावा ३० ते ४० मीटर लांब असतात. रुंदी जेमतेम दोन माणसे शेजारी बसतील एवढी. वल्हवणारे साठ ते ऐंशी, मधोमध ढोल आणि घंटा, मागे लांब वल्ह्याने दिशा सांभाळणारे सुकाणूदार. चांगली नाव बोर्निओहून येणाऱ्या पोलादासारख्या कठीण लाकडाची असते. चिनी लोक हे लाकूड तिथल्या पोन्तिआनाक बंदराच्या नावानेच ओळखतात. कोरडे पडले की ते तडकते, म्हणून सण संपला की नाव नाल्याच्या तळाशी चिखलात पुरून ठेवतात आणि वर्षभर ती तिथेच असते. ड्रॅगनचे डोके आणि शेपूट तेवढे काढून मंदिरात किंवा कुळाच्या पूर्वजगृहात ठेवतात.

चौथ्या महिन्याच्या अष्टमीच्या सुमारास, पाणी उतरले की ‘ड्रॅगन उठवण्याचा’ विधी होतो. धूप, फटाके आणि गावदेवाला नैवेद्य झाला, की पुरुष कमरेइतक्या, कधी गळ्याइतक्या पाण्यात उतरतात. पायांनी चाचपून नावेचा काठ शोधायचा, हातांनी आणि फावड्यांनी चिखल उपसायचा, बादल्यांनी पाणी बाहेर फेकायचे. मग सगळ्यांनी काठाला धरून नाव पुढे-मागे झुलवायची, म्हणजे आतले उरलेले पाणी दोन्ही टोकांनी उसळून बाहेर पडते. काळी, चिखलाने माखलेली नाव हळूहळू वर येते आणि काठावर ढोल सुरू होतो. त्यानंतर ती धुऊन-घासून दुरुस्त करतात, डोके बसवतात आणि गावातला मान्यवर ब्रशने ड्रॅगनचे डोळे रंगवतो. डोळे उघडल्याशिवाय नाव पाण्यावर फिरवत नाहीत. उत्सव पाहणाऱ्याने शक्य तर याच दिवशी हजर राहावे. शर्यतीपेक्षा हा विधी जास्त काही सांगून जातो.

पाचव्या महिन्याच्या सुरुवातीपासून प्रत्येक गावाचा यजमानपणाचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी सोयऱ्या आणि भाऊबंद गावांच्या नावा पाहुण्या म्हणून येतात. नाव घाटाला लागताना फटाक्यांच्या माळा उडतात आणि निमंत्रणपत्रिकांची देवघेव होते. पाहुण्यांना चहा, सिगारेट आणि या सणासाठी भाजलेले खास केक दिले जातात. पाहुणी नाव यजमानांच्या पाण्यात जोर लावून फेऱ्या मारते. सगळे एका तालात वल्ही आपटतात, पाण्याचे फवारे उडतात आणि काठावरची गर्दी दाद देते. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. पण कोणाचा ताल जुळला आणि कोणाचा फसला, याची चर्चा पुढच्या वर्षापर्यंत चालते.

ग्वांगचौ शहराने गिळलेल्या छपेइ गावाचा दिवस तृतीयेचा. त्या दिवशी आसपासच्या गावांतून शंभरावर नावा येतात. गावातला नाला अनेक वर्षे सांडपाण्याने काळा पडला होता. गेल्या दशकात सांडपाण्याच्या वाहिन्या टाकून तो साफ करण्यात आला. लिए-द गावाच्या जागी तर आज गगनचुंबी इमारती आहेत. गावकऱ्यांना उंच इमारतींत घरे मिळाली, तरी पूर्वजगृहे पुन्हा उभारली गेली आणि नाव सुटली नाही. शेती गेली, घरे गेली, पण गाव म्हणून एकत्र यायला वर्षातून एकदा नाव लागते, हे इथे डोळ्यांनी दिसते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६-७६) हे सारे जुनाट म्हणून बंद पाडले होते. १९८० च्या दशकात ते पुन्हा सुरू झाले, त्यात हाँगकाँगला आणि परदेशी गेलेल्या नातलगांच्या देणग्यांचा हातभार होता.

नावांमधली नाती माणसांइतकीच पक्की असतात. ग्वांगचौशेजारच्या फोशान शहराकडील यान्बू गावाची मिंग राजवटीच्या काळातली (चौदावे ते सतरावे शतक) समजली जाणारी जुनी नाव ग्वांगचौतील फान्थांग गावच्या नावेची मानलेली बाप आहे. एका जुन्या शर्यतीत यान्बूने बक्षीस फान्थांगला देऊन टाकले, तेव्हापासून हे नाते जडले, असे सांगतात. चारशेहून अधिक वर्षे पंचमीला ‘बाप’ मुलाकडे जातो आणि षष्ठीला मुलगा परतभेटीला येतो. फान्थांगच्या काठावर पंचमीला मुंगी शिरायला जागा नसते.

शर्यतच पाहायची असेल, तर फोशानमधील तिएच्याओ गाठावे. तिथे मोकळी नदी नाही. घरांच्या भिंतींमधून वळत जाणाऱ्या अरुंद नाल्यात काटकोनी आणि नागमोडी वळणांवरून लांबलचक नाव पूर्ण वेगात काढायची असते. वळणावर पुढचे लोक एका बाजूने पाणी ओढतात, मागचे सुकाणूदार अंगाचा सगळा भार टाकून शेपूट फिरवतात. अंदाज चुकला, की नावेचे पुढचे टोक थेट दगडी काठावर आदळते.

जेवणाशिवाय हा सण पुरा होत नाही. गावात मांडव घालून शेकडो टेबलांची पंगत बसते. ‘ड्रॅगन नावेचा भात’ खाल्ला की वर्ष सुखाचे जाते, अशी श्रद्धा आहे. चवळीच्या शेंगा, मुरवलेला मुळा आणि डुकराचे मांस बारीक चिरून परतलेली भाजी हा त्यातला ठरलेला पदार्थ. घरोघरी त्सोंग-त्स होतात. चिकट तांदूळ बांबूच्या पानात गुंडाळून, दोऱ्याने बांधून तासन्‌तास उकडतात. उघडताना पानाचा वास आधी येतो, तो हळदीच्या पानातल्या पातोळीसारखाच. ग्वांगतुंगमध्ये आत मूगडाळ, मांस आणि खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक असतो. उत्तरेकडे लाल खजुरासारखे गोड फळ घालतात.

हाँगकाँगमधल्या ताय ओ या कोळीवाड्यातला सोहळा याहून वेगळा. तीन मच्छीमार संघांच्या ड्रॅगन नावा चार मंदिरांतील देवमूर्ती बसवलेली छोटी होडी मागे ओढत, खांबांवरच्या घरांमधून फिरवतात. एके काळी आलेली साथ हटवण्यासाठी हे सुरू झाले, अशी परंपरा. आधुनिक खेळाचा आरंभही हाँगकाँगमध्येच झाला. १९७६ साली तिथे पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तीत स्थानिक मच्छीमारांबरोबर जपानमधील नागासाकीचा चमू होता. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि २०१० च्या ग्वांगचौ आशियाई स्पर्धांत या खेळासाठी पदके दिली गेली. स्पर्धेतल्या प्रमाणित नावेत २० वल्हवणारे, एक ढोलवादक आणि एक सुकाणूदार असतो.

जाणाऱ्याने पावसाची तयारी ठेवावी. या दिवसांत ग्वांगतुंगमध्ये कोसळणाऱ्या सरींना लोक ‘ड्रॅगन नावेचे पाणी’च म्हणतात. ते अंगावर घेणे शुभ मानले जाते आणि शर्यत पावसासाठी थांबत नाही. छपेइला मेट्रोच्या ४ क्रमांकाच्या मार्गाने जाता येते, स्थानकाचे नावही तेच आहे. सकाळी लवकर पोहोचून पुलावर किंवा पूर्वजगृहासमोरच्या घाटाजवळ जागा धरावी. फटाके नावेतूनही फेकले जातात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे सुती कपडे बरे. अनेक गावांत स्त्रियांनी पारंपरिक नावेवर चढू नये, सुतक असलेल्या घरच्याने वल्हे धरू नये, असे संकेत अजून पाळले जातात. खेळाच्या नावांत मात्र स्त्रियांचे चमू सर्रास असतात. ड्रॅगनच्या डोक्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. गावकऱ्यांनी पंगतीला बोलावले, तर बसावे. बऱ्याच गावांत पाहुण्यांसाठी पाने विकतही मिळतात.