मोडीच्या ओळीपुढे यंत्र का अडखळते

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूच्या जुन्या मराठी घरांत अजूनही एखादी लोखंडी पेटी उघडली की मोडीतले कागद निघतात. आमच्याकडेही निघाले. वाटणीपत्र आहे, सनद आहे की नुसती उसनवारीची चिठ्ठी, हे घरात कुणालाच सांगता येईना. आजोबांना मोडी येत होती, वडिलांपर्यंत ती पोचली नाही. गेल्या दिवाळीत भाच्याने एका कागदाचा फोटो काढून फोनवरच्या एआयला विचारले, आणि चहा संपायच्या आत स्वच्छ मराठीत उतारा हजर झाला. आम्ही हरखलो. पुढे मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी मूळ कागद वाचला, तेव्हा नावे वेगळी, गाव वेगळे, रक्कमही वेगळी निघाली.

असे का झाले, याचे उत्तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासात आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात १९५६च्या उन्हाळ्यात काही गणिती आणि संगणकतज्ज्ञ जमले. या विषयाचे इंग्रजी नाव जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या बैठकीच्या प्रस्तावात आदल्याच वर्षी वापरले होते. तेव्हापासून या विद्येच्या दोन वाटा दिसतात. एका वाटेवर माणूस यंत्राला नियम सांगतो. दुसरीवर यंत्राला ढीगभर उदाहरणे दाखवतात आणि नियम त्याचे त्यालाच शोधू देतात.

मोडीच्या कागदाला दोन्ही वाटा लागतात. तारखेचेच बघा. जुन्या पत्रांत ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा सुहूर सन येतो. हे अरबी संख्याशब्द आहेत: एक, साठ, शंभर, हजार. बेरीज ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते, म्हणून इसवी वर्षाच्या सुरुवातीच्या, मृगापूर्वीच्या तारखेला ६०० धरायचे, नंतरच्या तारखेला ५९९. दमाजी गायकवाड ज्या पानिपतावर होते, त्या जानेवारी १७६१ मधल्या लढाईचे साल हेच. एवढे काम चार नियमांत बसते.

पण ‘इहिदे’ हा शब्द मुळात वाचायचा कसा? तिथे नियम थकतात, कारण दोन कारकुनांचा ‘ह’ सारखा नसतो. शिकणाऱ्या यंत्राची वाट इथून सुरू होते, आणि ती खडतर होती. फ्रँक रोझेनब्लॅट यांचा ‘पर्सेप्ट्रॉन’, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे एक यंत्र, १९५८ साली गाजला. मार्विन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांनी १९६९ साली त्याच्या मर्यादा गणिताने दाखवल्यावर या वाटेवरचा उत्साह ओसरला. १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या निबंधाने तिला पुन्हा बळ दिले: यंत्राची चूक मागे-मागे नेत त्याच्या आकडेमोडीच्या प्रत्येक थरात दुरुस्ती करायची. तीन वर्षांनी बेल लॅब्जमध्ये यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रीतीने पाकिटांवरचे हाती लिहिलेले पिनकोड यंत्राकडून वाचून घेतले. नव्वदच्या दशकात अशी यंत्रे बँकांतले धनादेश वाचू लागली. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. लकून यांच्याकडे बफेलोच्या टपालातून आलेले ९,२९८ आकडे होते, आणि प्रत्येकाला ‘हा तीन, हा सात’ अशी खूण जोडलेली होती. ती खूणगाठ नसती, तर यंत्र शिकले नसते.

आपल्याकडे आयआयटी कानपूरच्या आर. एम. के. सिन्हा यांनी एच. एन. महाबला यांच्यासह देवनागरी वाचणाऱ्या यंत्रावरचा निबंध १९७९ साली प्रसिद्ध केला. छापील देवनागरीसाठी पुढे एक युक्ती रूढ झाली: शिरोरेघ पुसायची, की अक्षरे सुटी होतात. बालबोधाला, म्हणजे देवनागरीला, हे चालते. मोडीत मात्र कारकून आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग त्यांखाली, बोरू होता होईल तो न उचलता, ओळ लिहीत जाई. शब्दांमध्ये जागा सोडत नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. इथे रेघ पुसली, तरी अक्षरे एकमेकांना धरूनच राहतात. कापायचे कुठे, हेच कळत नाही.

अडचण सुटली ती कापणेच सोडून दिल्यावर. क्रम लक्षात ठेवणारी, ‘एलएसटीएम’ नावाची शिकणाऱ्या यंत्राची रचना १९९७ साली आली. अख्खी ओळ एकदम देऊन शिकवण्याची रीत २००६ साली ॲलेक्स ग्रेव्हज आणि सहकाऱ्यांनी मांडली. त्यानंतर जुनी हस्तलिखिते यंत्राने वाचणे खरोखर शक्य झाले. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली.

भाच्याच्या फोनमधले यंत्र याहून नव्या पिढीचे, २०१७ साली मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ रचनेवर उभे. आधीच्या मजकुरावरून पुढे काय येण्याचा संभव आहे, हे ते प्रचंड मजकूर वाचून शिकलेले असते. मोडीचे नमुने पुरेसे न पाहिल्यामुळे ते अडते, तेव्हा तिथे शोभेलसे मराठी घालते. पत्राचा मायना बरोबर, भाषा गोड, आणि रक्कम मनाची. जमिनीच्या कागदात हे घातक आहे, म्हणून असा उतारा जाणकाराने मुळाशी ताडल्याशिवाय कुणी दाव्यात लावू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

गायकवाडी कारभार पिढ्यान्‌पिढ्या मोडीत चालला, त्यामुळे कागदांची इथे वाण नाही. हवे आहेत ते जोड: ओळीचे चित्र आणि शेजारी तिचा अचूक बालबोध उतारा, असे हजारोंनी. ते फक्त मोडी वाचणारी माणसे करू शकतात, आणि त्यांतली बरीच उतारवयात आहेत.

आमचा कागद विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा निघाला. त्या गृहस्थांनी सांगितले तसे मी सतराही ओळींचे वेगवेगळे फोटो काढले आणि प्रत्येकाखाली उतारा लिहिला. नवव्या ओळीतले एक नाव त्यांनाही लागले नाही. तिथे आम्ही जागा कोरी ठेवली आहे.