नडगी दुखली की टेंडन गेला?

शर्यतीच्या घोड्यात हिस्सा घेतलेल्या मंडळींचा एक ग्रुप असतो आणि दर हंगामात त्यावर एकदा तरी हा निरोप पडतो: "पुढच्या डाव्या पायाला थोडी सूज आहे, हाताला गरम लागतंय, महिनाभर विश्रांती." खाली चार अंगठे, दोन जोडलेले हात, आणि कुणाचा तरी प्रश्न, "लंगडतोय का?" उत्तर "नाही" आलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मी तीसेक वर्षं शर्यतीच्या घोड्यांचे पाय चाचपले. त्या "नाही"इतकी भीती मला दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

कारण सूज नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाच्या, पुढच्या अंगाला आहे की मागच्या, हे कुणी विचारतच नाही. पुढे असेल तर नडगी, मागे असेल तर टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. दोघांत अंतर दोन-तीन बोटांचं, पण एकात घोडा काही आठवड्यांत कामाला लागतो आणि दुसऱ्यात वर्ष जातं, कधी कधी घोडाच जातो. तरी निरोपात दोन्हींना एकच शब्द: "पाय सुजला." त्याहून वाईट म्हणजे "नस धरली." मराठीत शीर आणि नस हे शब्द आपण रक्तवाहिनीला, मज्जातंतूला आणि टेंडनला सरसकट वापरतो. मग तेल कोमट करून चोळणारेही निघतात. ताज्या फाटलेल्या टेंडनला मालीश! आजार म्हशीला नि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

नडगीबद्दल फार लिहीत नाही. ज्यानं घोड्यात एक आणा हिस्सा घेतलाय त्यालाही ती माहीत असते. स्टड फार्मवरून आलेलं दोन-तीन वर्षांचं पोर पहिल्यांदा जोरात पळायला लागलं की पुढच्या दोन्ही नळ्यांवर समोरून ताण येतो, हाडाची पृष्ठभागाजवळची बाजू कुरकुरते, वरचं आवरण दुखावतं आणि तिथं नवं हाड धरायला लागतं. अंगठा दाबला की घोडा पाय काढून घेतो, चाल आखडती होते. अमेरिकेतल्या कोवळ्या थरोब्रेड (शर्यतीच्या जातीच्या) घोड्यांपैकी सुमारे 70 टक्क्यांना हे होतं, असं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे पशुवैद्य डेव्हिड नुनामेकर यांच्या अभ्यासातून पुढे आलं. त्यांचं म्हणणं असं, की मैलोन् मैल संथ कँटर (मध्यम धाव) देऊन हाड चुकीच्या कामासाठी तयार होतं. सुरुवातीपासून थोडंसं, पण जोरात आणि नेमानं पळवलं, तर हाड शर्यतीसाठी घडतं. मला हे पटतं. नडगी दुखली म्हणून तीन महिने नुसतं उभं करून ठेवलं, की परत आल्यावर तीच नडगी पुन्हा दुखते, कारण मधल्या काळात हाडाला कुणी काही शिकवलेलंच नसतं. एक मात्र लक्षात ठेवा: नडगी दुखलेल्यांतल्या काही घोड्यांना पुढे महिन्यांनी त्याच जागी बारीक तडा जातो. म्हणून दुखऱ्या नडगीवर वेदनाशामक देऊन गॅलप (भरधाव दौड) घ्यायचा नाही. नडगीचं एवढं पुरे.

सकाळी चारही पाय, किंवा मागचे दोन्ही, खाली फुगलेले आणि हाताला गार, आणि चालवल्यावर उतरतात, तर ते नुसतं पाणी उतरलेलं असतं. आदल्या दिवशी कामाला सुट्टी, दाणा मात्र पूर्ण, एवढंच कारण. बँडेज करकचून बांधलं तरी मागे फुगवटा येतो आणि तो टेंडनसारखाच दिसतो. घोडा सांभाळणारा मोतद्दार नवीन असला की आधी बँडेज बघा. सस्पेन्सरी लिगामेंट, नळीमागचीच आणखी एक दोरी, हा वेगळाच उपद्व्याप, तो इथं काढत नाही.

आता टेंडन.

घोड्याचा पुढचा "गुडघा" म्हणजे खरं तर आपलं मनगट. त्याच्याखाली नाव घेण्याजोगा स्नायू नाही: पुढे हाड, मागे दोऱ्या, वरून कातडी. या दोऱ्यांतली सगळ्यात मागची, कातडीलगतची जी आहे, तीच बहुतेक वेळा जाते. आपल्या टाचेमागची धोंडशीर जे काम करते त्याच जातीचं हिचं काम, पण प्रमाण पाहा. भर धावेत अडीचपट वजन एका पुढच्या पायावर येतं, म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्याचा हजार किलोहून जास्त भार एका क्षणाला एका पायावर. खुरावरचा सांधा जमिनीला टेकेल इतका खाली जातो आणि ही दोरी स्प्रिंगसारखी ताणून परत उसळी देते. त्या वेळी ती 16 टक्क्यांपर्यंत लांबते. तुटायची मर्यादा तिथून फार लांब नाही. शिवाय ताणणं-सुटणं यात उष्णता तयार होते आणि दोरीच्या गाभ्यात ती अडकून पडते. धावत्या घोड्यात हे तापमान 45 अंशांपर्यंत मोजलेलं आहे. म्हणून टेंडन बहुतेक वेळा बाहेरून नाही, आतून, गाभ्यातून जातो. सोनोग्राफीत मधोमध काळं भोक दिसतं ते हे.

आणि इथंच सगळे फसतात. हाडाच्या आवरणात वेदना कळवणारे मज्जातंतू भरपूर. त्यामुळे नडगीची लहानशी दुखापतही घोड्याला बोंबलायला लावते. टेंडनची गोष्ट उलटी. त्याचं दुखणं मुख्यतः सुजेचं. आतले तंतू फाटतात, सूज येते, एक-दोन दिवस घोडा जरा जपून पाऊल टाकतो, कधी तेवढंही नाही. मग गार पाण्याची धार, दोन दिवस ब्यूट (वेदनाशामक), आणि आठवड्यात घोडा सरळ चालतो, ट्रॉट (दुडकी चाल) करतो, डोळे चमकतात, खायला मागतो. दुखणं गेलं. फाटलेलं मात्र फाटलेलंच. लंगडणं हे दुखण्याचं माप आहे, इजेचं नाही. नडगीत ही दोन मापं बरीचशी जुळतात, म्हणून आपल्याला सवय लागते. टेंडनमध्ये ती जुळत नाहीत, आणि आपण जुन्या सवयीनंच वाचतो.

माझ्याच हातून हे घडलंय. पुण्याच्या पावसाळी हंगामात एका घोड्याच्या मोतद्दारानं, लातूरकडचा माणूस, सकाळी मला थांबवलं. "डॉक्टर, कड हाताला लागंना बघा." मी पाय उचलला, चाचपला. किंचित ऊब. घोडा चालवून बघितला, ट्रॉटला सरळ. त्याच दिवशी सोनोग्राफी केली, तीही जवळजवळ स्वच्छ. मी म्हणालो, चार दिवस थांबू आणि हलकं काम सुरू करू. दहाव्या दिवशी कँटरला घोडा आला तो तीन पायांवर. ताज्या इजेत पहिल्या दिवसांत गाभ्यातलं भोक पूर्ण दिसत नाही, पुढच्या आठवड्यात ते मोठं होत जातं. म्हणून संशय असला तर सात-दहा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करायचीच, आणि मधल्या काळात घोडा तबेल्यातून हलवायचा नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्या दिवशी मी घोड्याच्या पावलांवर विश्वास ठेवला, माणसाच्या बोटांवर नाही.

"कड लागत नाही" म्हणजे काय ते सांगतो, कारण फोटोत ते कधीच दिसत नाही (आणि कृपा करून समोरून काढलेला फोटो पाठवून "टेंडन आहे का?" विचारू नका, समोरून फक्त नडगी दिसते). घोडा चारही पायांवर उभा असताना बाजूनं बघायचं: गुडघ्यापासून खालच्या सांध्यापर्यंत मागची रेघ ताणलेल्या सुतळीसारखी सरळ हवी. मधे पोट आलं असेल, धनुष्यासारखं, तर मोतद्दाराचीही गरज नाही, रस्त्यावरचा माणूसही सांगेल. खरं काम त्याआधीचं आहे. पाय उचलून गुडघ्यात वाकवायचा म्हणजे दोरी सैल पडते, आणि अंगठा-बोटाच्या चिमटीत धरून वरून खाली इंच-इंच उतरायचं. निरोगी टेंडनला दोन्ही बाजूंना धारदार कड असते, ओल्या चामड्याच्या पट्ट्याला असते तशी. आत सुजायला लागलं की आधी ही कड बोथट होते. मग दुसऱ्या पायाशी ताडून बघायचं, तेही भाबडेपणानं नाही, कारण बऱ्याच घोड्यांत दुसऱ्या पायातही कमी-अधिक बिघाड असतो. हे रोज पहाटे, काम सुरू होण्याआधी. संध्याकाळी नाही.

एक्स-रे मागणाऱ्यांनाही सांगून टाकतो: एक्स-रेत टेंडन दिसत नाही. "एक्स-रे क्लिअर आला" हे टेंडनच्या बाबतीत ऐकलं की मला उठून जावंसं वाटतं.

बरं होण्यातही तोच फरक. हाड मोडलं तर हाडानंच भरतं. टेंडन मात्र व्रणानं भरतो. त्या व्रणातलं कोलॅजन वेगळ्या जातीचं, कडक, कमी ताणलं जाणारं आणि वेडंवाकडं विणलेलं. ते सरळ रेषेत यावं म्हणून त्याला थोडा थोडा, मोजून ताण द्यावा लागतो: सुरुवातीला हातात धरून रोज काही मिनिटं चालवणं, दर काही आठवड्यांनी मिनिटं वाढवणं, तीन महिन्यांनी सोनोग्राफी, मग ट्रॉट, पुन्हा सोनोग्राफी. नऊ महिने ते वर्ष, त्याहून जास्तही. "सहा महिने फार्मवर मोकळा सोडला" हा उपचार नव्हे. मोकळा सोडलेला घोडा पहिल्याच सकाळी दोन उड्या मारतो आणि व्रण परत फाटतो. आणि एवढं सगळं नीट केल्यावरही पुष्कळ घोड्यांत टेंडन पुन्हा जातो, कधी त्याच पायात, कधी दुसऱ्या. स्टेम सेल, पीआरपी (घोड्याच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटचा अंश) वगैरे मी वापरलेत. ते केल्यानं वेळ वाचतो असं ज्यांना वाटतं त्यांनी पैसे वाचवावेत.

डाग देण्याबद्दल मात्र मी सौम्य बोलणार नाही. तापल्या लोखंडानं टेंडनवर रेघा ओढायच्या किंवा ठिपके द्यायचे, ही जुनी रीत अजून कुणाकुणाच्या तोंडी असते. "डाग दिला आणि घोडा परतला." घोडा परतला कारण डाग दिल्यामुळे त्याला सक्तीनं काही महिने सुट्टी मिळाली. ब्रिस्टलच्या संशोधकांनी 1983 मध्येच दाखवून दिलं, की डागण्यानं टेंडन काही लवकर भरत नाही. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर डम्मा देतात हे वाचून शहरात आपण हळहळतो, आणि लाखोंच्या घोड्याला तेच करायला निघतो.

या सगळ्याचा हिशेब शेवटी कॅलेंडरवर बसतो. आपल्याकडे इंडियन डर्बी ही मोठी शर्यत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर फेब्रुवारीत, 2400 मीटर, चार वर्षांच्या घोड्यांसाठी. म्हणजे घोड्याच्या आयुष्यात एकदाच. पुण्याच्या हंगामात जुलै-ऑगस्टला नडगी दुखली, तर फेब्रुवारीसाठी वेळ आहे, घाई न करता सुद्धा. त्याच वेळी टेंडन गेला तर त्या घोड्याची डर्बी संपली, आणि हे डिसेंबरमध्ये नाही, ऑगस्टमध्येच मान्य करावं लागतं. ज्यांनी ऑगस्टमध्ये मान्य केलं त्यांचे काही घोडे पाच वर्षांचे होऊन शर्यती जिंकताना मी पाहिलेत. ज्यांनी "लंगडत तर नाही ना" म्हणत डिसेंबरपर्यंत ओढलं, त्यांच्या घोड्यांचे पाय मला गाडीत चढवताना बघावे लागले.

तर पुढच्या वेळी निरोप आला की ट्रेनरला फोन लावा. लंगडतोय का, हे विचारू नका. सूज पुढे की मागे, कड लागते का, आणि दुसरी सोनोग्राफी कितव्या दिवशी, एवढं विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर फोन मोतद्दाराकडे द्यायला सांगा.