संयुजा इलेक्ट्रॉन आणि आयननिर्मिती

अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातील आणि रासायनिक अभिक्रियांत भाग घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात. अणूने इलेक्ट्रॉन गमावले किंवा स्वीकारले की प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या संख्या समान राहत नाहीत व अणू प्रभारित होतो; अशा प्रभारित अणूला आयन ही संज्ञा आहे. इलेक्ट्रॉन कमी झाल्यास धन आयन आणि वाढल्यास ऋण आयन तयार होतो. केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या या घडामोडीत बदलत नसल्याने मूलद्रव्य तेच राहते, पण त्याचे वर्तन पार पालटते: सोडिअम धातू पाण्यात टाकताच जोरदार अभिक्रिया होते, तर सोडिअमचा आयन पाण्यात नुसता विरघळून राहतो.

आयन ही संज्ञा मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये, विद्युत अपघटनाचा (विजेच्या प्रवाहाने पदार्थाचे घटक वेगळे करण्याचा) अभ्यास करताना, रूढ केली. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये लावला, म्हणजे आयन मुळात कशामुळे प्रभारित होतो हे कळण्याच्या कितीतरी आधीच त्याला नाव मिळाले होते. बाह्य इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवरून रासायनिक बंधांचा उलगडा करणारी विवेचने गिल्बर्ट लुईस आणि वाल्थर कोसेल यांनी १९१६ मध्ये स्वतंत्रपणे मांडली.

सोडिअमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असून त्यांचे संरूपण, म्हणजे आतून बाहेर कवचांतील मांडणी, २, ८, १ असे आहे. आतील १० इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या आकर्षणाला बऱ्याच अंशी आड येतात, त्यामुळे शेवटचा इलेक्ट्रॉन तुलनेने सैल बांधलेला असतो आणि तो काढण्यास एका मोलमागे (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक, फार मोठी संख्या) सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा पुरते. दुसरा इलेक्ट्रॉन मात्र आतील, केंद्रकाच्या बरेच जवळ असलेल्या कवचातून ओढावा लागतो व त्यासाठी सुमारे ४,५६२ किलोज्यूल लागतात. सोडिअमच्या आयनावर एकच धन प्रभार का असतो, याचे उत्तर या दोन आकड्यांतील तफावतीत आहे. मॅग्नेशिअममध्ये अशीच मोठी उडी दुसऱ्या इलेक्ट्रॉननंतर दिसते: ७३८, १,४५१ आणि मग एकदम ७,७३३ किलोज्यूल.

क्लोरीनचे संरूपण २, ८, ७ आहे. त्याच्या वायुरूप अणूने एक इलेक्ट्रॉन स्वीकारला की मोलमागे सुमारे ३४९ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. पाठ्यपुस्तकांत या देवघेवीचे कारण बहुधा असे दिले जाते की अणूंना सहसा अभिक्रिया न करणाऱ्या राजवायूंसारखे पूर्ण अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन, ‘हवे असते’. सूत्रे लक्षात ठेवण्यासाठी हा नियम सोयीचा आहे, परंतु कारण म्हणून तो अपुरा आहे. सोडिअमकडून इलेक्ट्रॉन काढण्याचा खर्च ४९६ आणि क्लोरीनकडून मिळणारी भरपाई ३४९, म्हणजे एकमेकांपासून दूर असलेल्या दोन वायुरूप अणूंत ही देवघेव १४७ किलोज्यूल तोट्याचीच ठरते. हा तोटा भरून निघतो तो आयन एकत्र आल्यावर. वायुरूप धन आणि ऋण आयन परस्परांना खेचून सोडिअम क्लोराइडचा स्फटिक बनतो, तेव्हा मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल जालक ऊर्जा मुक्त होते.

ऑक्सिजनचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याच्या अणूने पहिला इलेक्ट्रॉन घेताना ऊर्जा बाहेर पडते, पण आधीच ऋण झालेल्या आयनावर दुसरा इलेक्ट्रॉन बसवायला प्रतिकर्षणाविरुद्ध ऊर्जा पुरवावी लागते. त्यामुळे दोन ऋण प्रभारांचा एकटा ऑक्साइड आयन, त्याचे अष्टक पूर्ण असूनही, वायुरूपात टिकत नाही. मॅग्नेशिअम ऑक्साइडसारख्या घन पदार्थात मात्र भोवतालच्या धन आयनांच्या आकर्षणामुळे तो स्थिर असतो.

प्रभाराबरोबर आकारही बदलतो. सोडिअमच्या अणूची धातूतील त्रिज्या सुमारे १८६ पिकोमीटर असते, तर बाहेरचे कवचच रिकामे झालेल्या त्याच्या आयनाची सुमारे १०२ पिकोमीटर. याउलट ऋण आयनात प्रोटॉन तितकेच राहून इलेक्ट्रॉन वाढतात, त्यांचे परस्पर प्रतिकर्षणही वाढते आणि आयन मूळ अणूपेक्षा मोठा होतो. हायड्रोजनचा धन आयन म्हणजे तर निव्वळ प्रोटॉन. तो पाण्यात सुटा राहत नाही, पाण्याच्या रेणूला जोडला जाऊन हायड्रोनिअम आयन बनतो.

लोहासारख्या संक्रमण मूलद्रव्यांत बाहेरचे कवच तेवढे पाहून भागत नाही. लोहाच्या अणूत चौथ्या कवचातील एस उपकवचात (उपकवच म्हणजे कवचाचा एक भाग) २ आणि तिसऱ्या कवचातील डी उपकवचात ६ इलेक्ट्रॉन असतात, आणि हे दोन्ही गट संयुजा इलेक्ट्रॉनांत मोडतात. भरताना चौथे एस उपकवच आधी भरते असे शिकवले जाते, तरी आयन बनताना आधी तेच रिकामे होते व दोन धन प्रभारांचा फेरस आयन मिळतो. त्यानंतर डी उपकवचातील एक इलेक्ट्रॉन गेल्यास तीन धन प्रभारांचा फेरिक आयन. या दोन अवस्थांमधील ऊर्जेचे अंतर सोडिअममधल्या उडीइतके मोठे नसल्याने लोह परिस्थितीनुसार दोन्ही रूपांत आढळते.