‘सोपं’ गणित आणि ‘व्यवहाराचं’ गणित: हा घोळ कुठून आला?

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आजोबांच्या पिढीला अपूर्णांकांच्या पाढ्यांची ही कोष्टकं तोंडपाठ असायची, कारण त्यावाचून बाजार होत नसे. रुपयाचे आणे सोळा. अडीच आणे शेर दरानं सात शेर जिन्नस घेतला, तर अडीचकीतून उत्तर ओठांवर यायला हवं: साडेसतरा आणे, म्हणजे एक रुपया दीड आणा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले. कोष्टकं गेली ते योग्यच झालं. पण त्यांच्याबरोबर वर्ग आणि बाजार यांना जोडणारा धागाही तुटला.

त्याआधीचं मुंबईपुरतं एकच सांगतो. १८२०च्या दशकात इथे अभियंते तयार करण्यासाठी गणिताची इंग्रजी पुस्तकं मराठीत आणली गेली होती. म्हणजे मराठीतलं आधुनिक गणित सुरुवातीपासून रस्ता, पूल आणि मोजणी यांच्याशी बांधलेलं होतं. भोर घाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तिचा सर्वांत तीव्र चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. हा कोन दोन अंशांहूनही कमी भरतो, तरी गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. दहावीच्या मुलाला ‘टॅन’ (उभी चढण भागिले आडवं अंतर) म्हणजे काय हे सांगायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. पाठ्यपुस्तकात मात्र बिननावाचं दीपगृह आणि बिननावाचं जहाज असतं, कुलाब्यापलीकडे प्रोंग्ज दीपगृह उभं असूनही.

खरा गुंता अलीकडचा आहे आणि तो ‘सामान्य गणित’ या शब्दाभोवती आहे. राज्य मंडळाच्या दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी हा पर्याय घेता येत असे. नावातून वाटायचं की हे रोजच्या जगण्याचं गणित. वर्गात त्याचा अर्थ एकच झाला: ज्याला गणित जमत नाही त्याचं गणित. पर्याय घेतला की अकरावी विज्ञानाची वाट बंद. त्यामुळे हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांचे पालक त्याच्याकडे बघतही नसत. २०१८-१९ मध्ये दहावीचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात हा पर्याय राहिला नाही.

पर्याय काढायला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं की गणितात अडखळणारी मुलं आता शाळाच सोडतील. ही भीती खरी होती आणि ती झटकून टाकण्यासारखी नव्हती. काढण्याची बाजू घेणारे म्हणत होते की चौदाव्या वर्षी घेतलेल्या निर्णयानं पुढची दारं बंद होऊ नयेत. मला दुसरी बाजू अधिक पटते, पण वेगळ्या कारणासाठी. ‘व्यवहाराशी जोडलेलं’ आणि ‘सोपं’ हे दोन शब्द त्या पर्यायानं एकमेकांना चिकटवले होते. नव्या पुस्तकाच्या पहिल्या भागात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण सगळ्यांसाठी आलं. वस्तू व सेवा कर जुलै २०१७ मध्ये लागू झाला आणि वर्षभरात तो दहावीच्या गणितात होता. चांगली सुरुवात होती, फक्त व्यवहार म्हणजे पैसा एवढाच अर्थ त्यात उरला. विज्ञान, इतिहास, बांधकाम बाहेरच राहिलं.

आणि मुंबईत अशा उदाहरणांची काही कमी नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस मीटरच्या मैदानावर ९ लाख ४४ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ९४ टँकर. पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेल्या होत्या. ९४४ला २४नं भागलं तर तासाला साधारण ३९ येतात, आणि ही सरासरीही फसवी, कारण बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला, त्यात भरती. वाहिन्यांची क्षमता दुप्पट करण्याची शिफारस १९९३च्या अहवालातच होती. घनफळ, सरासरी, दर, आलेख आणि शहराचा इतिहास, सगळं एका दिवसात आहे.

राष्ट्रीय पातळीवर २००५च्या अभ्यासक्रम आराखड्यानं मुलाच्या विचारांचं गणितीकरण, म्हणजे मुलानं गणिती पद्धतीनं विचार करणं, हे ध्येय मांडलं, २०२०च्या शैक्षणिक धोरणानं विषयांमधल्या भिंती कमी करायला सांगितलं. पण त्याच काळात केंद्रीय मंडळानं (सीबीएसई) २०२०च्या दहावीपासून गणिताच्या ‘प्रमाणित’ आणि त्याहून सोपी ‘मूलभूत’ अशा दोन पातळ्या केल्या, म्हणजे राज्यात काढलेली ‘सोप्या’ गणिताची पाटी तिथे लागली. अकरावीला ‘उपयोजित गणित’ हा वेगळा विषय आला तो प्रामुख्यानं वाणिज्य आणि समाजशास्त्रांकडे जाणाऱ्यांसाठी. नेहमीचं गणित घेतलं की तो घेता येत नाही. पुढे पूल बांधायचं ठरवलेली मुलं नेहमीचंच घेतात.