नंबर दिसला, पण वाचता आला नाही: आपल्या रस्त्यांसाठी अन् ट्रॉलीसाठी डॅशकॅम

मागच्या डिसेंबरातली गोष्ट आहे. वणीच्या जिनिंगमध्ये कापूस खाली करून आम्ही परत येत होतो, चुलत भाऊ ट्रॅक्टर अन् रिकामी ट्रॉली घेऊन पुढं, मी पिकअप घेऊन त्याच्या मागं, रात्रीचे नऊ वाजले असतील. मागून एक कार आली, मला ओव्हरटेक केलं, ट्रॉलीच्या उजव्या कोपऱ्याला घासली अन् न थांबता निघून गेली. टेललाइट फुटला, पत्रा आत गेला, जीवाला कोणाच्या काही झालं नाही एवढं बरं. माझ्या पिकअपमध्ये डॅशकॅम, म्हणजे काचेमागून रस्त्याचं सतत रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा, होता, म्हणून घरी आल्याबरोबर ओट्यावर लॅपटॉप उघडून बसलो. कार दिसते, रंग दिसतो, घासताना उडालेला टेललाइटचा लाल तुकडासुद्धा दिसतो, अन् नंबर प्लेटच्या जागी नुसता पांढरा चौकोन. भाऊ म्हणाला, "दादा, सगळं दिसून राह्यलं, मंग नंबरच काउन दिसत नाही?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे समजलं ते लिहितो आहे, कारण आमच्याकडं आता बरेच जण डॅशकॅम घेऊन राहिले, अन् डब्यावर '४के' लिहिलेलं पाहून घेतात.

आधी त्या पांढऱ्या चौकोनाचं पाहू. नंबर प्लेटचा पत्रा साधा नसतो, त्यावर अशी फिल्म असते की उजेड जिकडून आला तिकडंच परत जातो, ट्रॉलीला मागं लावतो ती लाल-पांढरी चमकणारी पट्टी असते ना, तेच तत्त्व. माझ्याच हेडलाइटचा उजेड त्या प्लेटवर पडून सरळ माझ्याच कॅमेऱ्यात आला. बाजूला सगळा अंधार, म्हणून कॅमेऱ्यानं अंधार दिसावा या हिशोबानं एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, वाढवलं होतं, त्यात प्लेट एवढी उजळली की काळी अक्षरं पांढऱ्यात बुडून गेली. यावर उपाय म्हणजे डब्ल्यूडीआर किंवा एचडीआर असलेला कॅमेरा, जो उजेडाचा अन् अंधाराचा भाग वेगवेगळा सांभाळून एकच चित्र बनवतो. रात्रीसाठी सेन्सरसुद्धा चांगला लागतो, सोनीचे स्टारव्हिस सेन्सर यात चांगले चालतात. माझं स्पष्ट मत आहे की रात्रीचा खरा फुटेज पाहिल्याशिवाय कॅमेरा घेऊच नये, दिवसा तर सगळेच छान दिसतात.

दुसरं कारण पिक्सेलचं, अन् हा हिशोब कोणालाही घरी करता येतो. साधा १०८०पी कॅमेरा आडव्या दिशेनं १९२० पिक्सेल देतो. त्याचा अँगल १४० अंशाचा असेल तर एका अंशाला साधारण १४ पिक्सेल आले. कारची लांब नंबर प्लेट ५०० मिलिमीटरची, ती १० मीटरवर असली तर जेमतेम ३ अंशात मावते. हात पूर्ण लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरला तर अंगठ्याची रुंदी साधारण २ अंश असते, म्हणजे दीड अंगठा. त्या दीड अंगठ्यात आले ४० पिक्सेल, अन् नंबरमध्ये अक्षरं-आकडे मिळून १०, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला ४ पिक्सेल. चार ठिपक्यांत ८ आहे की ३ आहे हे कोण सांगणार? गाडी ५ मीटरवर आली तर ८ पिक्सेल मिळतात, मग वाचता येतं. खऱ्या ४के कॅमेऱ्यात पिक्सेल आडवे ३८४०, म्हणजे तेच ८ पिक्सेल १० मीटरवर मिळतात. पण काही स्वस्त कॅमेरे आत छोटा सेन्सर ठेवून चित्र ताणून ४के म्हणतात, त्यात फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही. अन् '१७० अंश वाइड' याला भुलू नका, अँगल जेवढा मोठा तेवढे तेच पिक्सेल जास्त जागेत पसरतात. आमच्याकडं रोही (नीलगाय) अन् रानडुक्कर एकदम बाजूच्या पराटीतून, म्हणजे कापसाच्या शेतातून, रस्त्यावर येतात, म्हणून फार अरुंदही चालत नाही, १३० ते १४५ च्या मधात मला बरं वाटलं.

समोरून येणाऱ्या गाडीचा नंबर रात्री मिळणं तर त्याहून कठीण. दोन्ही गाड्या ६० नं असतील तर त्या एकमेकींकडं सेकंदाला ३३ मीटर येतात. रात्री कॅमेरा एका फोटोसाठी १/३० सेकंद डोळा उघडा ठेवतो, तेवढ्यात १ मीटरच्या वर अंतर कमी झालेलं असतं. समोरची गाडी १० मीटर पुढं अन् ३ मीटर बाजूला असली तर तिची प्लेट चित्रात जवळपास २ अंश सरकते, अन् प्लेटची रुंदीच ३ अंश, म्हणजे अक्षरावर अक्षर चढलं. दिवसा शटर १/१००० सेकंदाचं असतं तेव्हा हीच सरक एक पिक्सेलपेक्षा कमी राहते. यावर मला एकच भरवशाचा उपाय माहीत आहे, तो फुकट आहे: नंबर तुम्हाला डोळ्यानं दिसला की मोठ्यानं बोला. कॅमेऱ्यात माइक असतो, तो चालू ठेवा. आपला डोळा अन् मेंदू त्या कॅमेऱ्यापेक्षा पुष्कळ हुशार आहे, आता आमच्या घरी गाडीत जो बसला असेल तो नंबर वाचून बोलतो.

आता उन्हाचं, आपल्या भागात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. पुण्या-मुंबईची माणसं जो कॅमेरा छान म्हणतात तो नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, चंद्रपूर-यवतमाळकडं टिकेल असं नाही. बाहेर ४५ असताना काच लावून उन्हात उभ्या गाडीत समोरच्या काचेमागं ७० अंशांच्या पुढं सहज जातं, ऊन काचेतून आत येतं पण तापलेली हवा बाहेर निघत नाही. माझा पहिला कॅमेरा मे महिन्यात असाच गेला. दुपारी बाजारातून येऊन पाहतो तर मागचं झाकण फुगून त्याची फट पडलेली, आतली चपटी बॅटरी उशीसारखी टम्म झालेली. लिथियम बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करूच नये असं म्हणतात, जास्त तापली की आतलं रसायन मोडायला लागतं, गॅस तयार होतो अन् ती फुगते. अशी फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज तर अजिबात करू नका.

म्हणून आपल्याकडं सुपरकपॅसिटरवालाच कॅमेरा घ्यावा, यात मी तडजोड सांगणार नाही. बॅटरीत वीज रासायनिक क्रियेतून साठते, सुपरकपॅसिटरमध्ये ती नुसती कार्बनच्या पृष्ठभागाला चिकटून बसते, म्हणून उन्हानं बिघडायला तिथं फार काही नसतं. तो कार्बन इतका सच्छिद्र असतो की त्याच्या एका ग्रॅमचा सगळा पृष्ठभाग उलगडून अंथरला तर १००० चौरस मीटरच्या वर जाईल, म्हणजे सातबाऱ्यावरचे १० आर! अन् वजन चिमूटभर. त्यात साठवलेली वीज काही सेकंदच पुरते, पण कॅमेऱ्याला तेवढीच लागते, गाडी बंद झाली किंवा धडकेत वायर तुटली तर चालू असलेली फाइल नीट बंद करण्यापुरती.

मेमरी कार्डाकडं लोक दुर्लक्ष करतात अन् तिथंच फसतात. सेकंदाला १६ मेगाबिटनं रेकॉर्डिंग चाललं तर तासाला ७ जीबीच्या आसपास जातात, ६४ जीबीचं कार्ड नऊ तासांत भरतं अन् मग जुनं पुसून त्यावरच नवीन लिहिलं जातं. कार्डातला प्रत्येक कप्पा पुसला-लिहिला गेला की थोडा झिजतो, म्हणून मोबाइलचं साधं कार्ड इथं लवकर मरतं, अन् मरताना सांगत नाही, लाल लाइट लुकलुकत राहतो, आत काहीच नसतं. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्ड घ्या अन् महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

याच्याशी जोडूनच जी-सेन्सरचं आहे. कॅमेऱ्यात धक्का ओळखणारी एक चिप असते, जोराचा झटका बसला की ती चालू फाइलला कुलूप लावते, मग ती पुसली जात नाही. आता आपली काळी कापसाची जमीन पावसात पाणी पिऊन फुगते अन् उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटेसारखा होतो, त्यात आतल्या रस्त्यांचे खड्डे, मग सेन्सरला प्रत्येक खड्डा अपघात वाटतो. सेन्सिटिव्हिटी 'हाय'वर राहिली तर कार्ड कुलूपबंद फायलींनीच भरतं. ती 'लो'वर ठेवा, अन् खरंच काही झालं तर हातानं बटण दाबून फाइल लॉक करा.

बसवायला जागा कोणती? आतल्या आरशाच्या मागं, डाव्या अंगाला, म्हणजे ड्रायव्हरच्या नजरेत येत नाही, अन् वायपर जिथून फिरतो त्याच पट्ट्यात, नाहीतर पावसाळ्यात चिखलाचे थेंबच दिसतील. रबरी व्हॅक्युमचा स्टँड उन्हात सुटून पडतो, दुहेरी चिकटपट्टीच चांगली. काच स्पिरिटनं पुसा, सकाळी किंवा संध्याकाळी बसवा, भर दुपारच्या तापलेल्या काचेवर नाही, पट्टी नीट दाबा अन् रात्रभर तशीच राहू द्या, कॅमेरा दुसऱ्या दिवशी लावा. बॉनेट चित्रात अगदी थोडं दिसावं. डॅशबोर्डवर पांढरा दुपट्टा अंथरायची आपल्याकडं सवय आहे, त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं अन् अर्धं चित्र दुधाळ होतं. काचेवरून परावर्तित झालेला उजेड बराचसा एकाच दिशेत कंप पावतो, ५६ अंशांच्या आसपास कोन असला तर सगळ्यात जास्त, म्हणून लेन्सवर लावायचा सीपीएल (पोलरायझिंग) फिल्टर फिरवून तो अडवता येतो. पण हा फिल्टर उजेडही निम्म्याच्या आसपास खातो, रात्री काढावा लागतो. त्यापेक्षा गडद रंगाचं कापड अंथरा. देवाची मूर्ती असू द्या, तिच्यामागचा रंगीत लाइट मात्र रात्री बंद ठेवा.

वायर छताच्या कडेनं अन् खांबाच्या आतून खाली न्या, खांबात एअरबॅग असेल तर तिच्या मागून, वरून कधीच नाही. चार्जरच्या सॉकेटमधून करंट घेतला तरी चालतं. गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग पाहिजे असेल तर फ्यूज बॉक्समधून करंट घेणारं हार्डवायर किट लागतं, पण एबीएस (ब्रेकची यंत्रणा), एअरबॅगच्या फ्यूजला हात लावू नका. कॅमेरा ४ वॅट खात असेल तर १२ व्होल्टवर एक तृतीयांश अँपिअर, १२ तासांत ४ अँपिअर-अवर. छोट्या कारची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर एका रात्रीत नववा हिस्सा गेला, लग्नाला जाऊन गाडी चार दिवस उभी राहिली तर सेल्फ मारणार नाही. म्हणून किटमध्ये व्होल्टेज कमी झालं की बंद होणारा कटऑफ पाहून घ्या, तो १२.२ व्होल्टच्या आसपास ठेवा.

आता ट्रॉली. पिकअपच्या मागच्या काचेला लावलेल्या कॅमेऱ्याला ट्रॉलीचा पत्राच दिसतो, ट्रॅक्टरवर तर काचच नाही. ट्रॅक्टरसाठी मोटरसायकलवाला, दोन लेन्सचा, आयपी६७चा कॅमेरा घ्या, तो धुळीला अन् पाण्याला दाद देत नाही. एक लेन्स हेडलाइटजवळ पुढं, दुसरी ट्रॉलीच्या शेवटी. वायरलेस कॅमेरा मी लावून पाहिला, लोखंडी पत्रे मधात आले की चित्र अडकत होतं, वायरवालाच बरा. त्याच्या वायरीला हूकजवळ पेच असलेला चार पिनचा कनेक्टर पाहिजे, म्हणजे ट्रॉली सोडताना वायरही सोडता येते. अन् वायर तिथं ढिली सोडायची, हे मी नुकसान करून शिकलो. सरळ रस्त्यावर वायर छान बसली होती, जिनिंगच्या गेटातून वळवताना बाहेरच्या बाजूचं अंतर वाढलं अन् ती ताणून तुटली. आता आधी मोकळ्या जागेत दोन्हीकडं पूर्ण वळवून पाहतो, वायर जमिनीला टेकत नाही अन् ताणत नाही एवढी सैल ठेवतो.

मागची लेन्स कुठं बसवायची यावर आम्ही दोघा भावांनी पुष्कळ प्रयोग केले. वरच्या कडेला लावली तर कापूस बाहेर लोंबतो अन् तिला झाकतो. खूप खाली लावली तर चिखल. शेवटी फाळक्याच्या (ट्रॉलीच्या मागच्या झडपेच्या) उजव्या खांबाला, कमरेच्या उंचीवर, लोखंडी पट्टी वाकवून तिचं छोटं छप्पर केलं, आता ट्रॉलीची कड चित्रात येते, त्यावरून मागच्या गाडीचं अंतर समजतं. पण धूळ बसतेच. चालत्या ट्रॉलीच्या मागं हवेचा दाब कमी होतो, तिथं हवा गोल फिरते अन् चाकानं उडवलेला धुरळा त्यातच ओढला जातो, म्हणून प्रत्येक फेरीआधी लेन्स पुसावी लागते. लेन्स पुसता पुसता टेललाइट अन् चमकणारी पट्टीसुद्धा पुसा, कापसाखाली झाकली गेली का तेही पाहा, कारण अंधारात मागच्या ड्रायव्हरला ट्रॉली दिसली तर त्या फुटेजची गरजच पडणार नाही.

अन् गरज पडलीच तर फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबून लहान करतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, अन् मूळ कार्ड बाजूला काढून ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणं असा पुरावा देताना प्रमाणपत्र लागतं अन् त्यात फाइलचा हॅश लिहायचा असतो. हॅश म्हणजे सगळ्या फाइलवर गणित करून निघालेला एक ठसा, एसएचए २५६ पद्धतीत ६४ आकडे-अक्षरांचा, फाइलमधली एक बारीकशी गोष्ट बदलली तरी तो पूर्ण वेगळा येतो. म्हणून फुटेज कापू नका, त्यावर काही लिहू नका, कॅमेऱ्याची तारीख-वेळ मात्र आधीच बरोबर करून ठेवा, जीपीएस असेल तर ती आपोआप बरोबर राहते. जीपीएस तुमचाही स्पीड लिहून ठेवतो हे ध्यानात असू द्या. कार्ड काढायच्या आधी गाडी बंद करा अन् लाल लाइट पूर्ण विझेपर्यंत थांबा, शेवटची फाइल तेव्हाच बंद होत असते, अन् पाहिजे असते ती बहुतेक तीच.